शिमग्याची सुट्टी

रत्नागिरीत माणूस कामावर ठेवताना आधी काय विचारतात? शिक्षण? छे! "शिमग्याला किती दिवस दांडी मारणार?" फाल्गुन लागला की आमच्याकडची अर्धी दुकानं नि कारखाने ओस पडतात. सगळे आपापल्या गावी पालख्या नाचवायला पसार!

माझ्या मागच्या खोलीत भाड्याने आलेल्या जोडप्याला हे काय ठाऊक! दूरच्या डोंगरी राज्यातल्या दंगलीत त्यांचं घर जळलं. बरेच दिवस छावणीत काढून, कुणाच्या तरी ओळखीने ती दोघं लोट्याच्या कारखान्यात कामाला आली, पण तिथलं काम सुटलं. आता इथेही काम मिळालं नाही तर परत छावणी, असं त्यातला नवरा मोडक्या हिंदीत म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. "परत कशाला जाताय? मी काय मेलेय?" म्हटलं आणि त्याला स्कूटरवर मागे बसवून थेट मिरजोळ्याला, एमआयडीसीतल्या एका कॅन्टीनवाल्यापुढे उभा केला.

कॅन्टीनवाल्याने तोच ठरलेला प्रश्न विचारला. हा म्हणाला, "गावच उरलं नाही. सुट्टी कशाला लागेल?"

कॅन्टीनवाल्याने टाळीच वाजवली. "काकू, असाच माणूस हवा होता! उद्यापासून पाठवा." मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. ओशाळून त्याने ह्याला बळेबळे वडे खायला घातले.

काम झकास चाललं. पण ह्याचे दणकट खांदे आमच्या वाडीतल्यांच्या नजरेत भरले ना! त्यांनी पालखी नाचवायला शिकवली, आणि शिमगा आल्यावर ह्या पठ्ठ्याने चक्क सुट्टी मागितली. "गेलास तर परत येऊ नकोस," कॅन्टीनवाला कडाडला. मीही झापलं, "अरे, नोकरी जाईल! छावणी विसरलास?"

तर म्हणतो कसा, "काकू, पालखी घरोघर येते ना? आमच्याकडेही येणार. दार बंद कसं ठेवू?"

कपाळ माझं! मी पालखीसाठी तांदूळ-नारळाचं ताट काढून दिलं.

दुपारी ढोल बडवत पालखी त्यांच्या खोलीपुढे आली. ताट धरून त्याची बायको उभी, माझी साडी नेसून. ती सुटते की काय ह्या धास्तीने बिचारी श्वाससुद्धा घेईना. मला हसू आवरेना. तेवढ्यात फोन. कॅन्टीनवाला! "काकू, इकडे मी एकटा भजी तळतोय! सांगा त्याला, कामावरून काढला!"

सांगणार कुठून? तो पालखीला खांदा देऊन उभा, आणि गुरवाने डोळे मिटून त्याच्या नावाचं गाऱ्हाणं सुरू केलेलं. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकराचं घर गेलं, मुलूख गेला. आता तुझ्या पायाशी आलाय. ह्याच्या हातातलं काम राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी गरजली. मी गरजले. आणि कानाला लावलेल्या फोनातून, जन्माच्या सवयीने, कॅन्टीनवालाही गरजला, "व्हय म्हाराजा!"

मग फोनात झारा कढईवर आपटल्याचा आवाज आला. शेवटी हळूच म्हणाला, "उद्याही नाचू दे. परवा जरा लवकर पाठवा त्याला."