माझ्या अक्षरातली यादी

विधवाप्रथेविरुद्धची पत्रकं घेऊन मी मुलुंडच्या एका सोसायटीत गेलो होतो. बेल वाजवली की लोक दाराच्या भोकातून बघतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. तिसऱ्या मजल्यावर मात्र एका बाईनं दार उघडलं. ऐंशीच्या पुढची, एकटी, बंगाली. पण निम्मा जन्म इथंच गेलेला.

“मावशी, वाचा हे.”

“माशी म्हण. आमच्यात तसंच म्हणतात. इथं सगळे हसतात, हसू दे.”

तिनं चहा ठेवला. बोलायला माणूस मिळालं म्हणून ठेवला, हे कळत होतं. भिंतीवर काचेत एक जुना कागद होता. तिचे पणजोबा मोठे जमीनदार, इंग्रजांच्या काळात कलकत्त्याच्या सभांतून विधवाविवाहाच्या बाजूनं गरजायचे. हे त्यांचं भाषण. मला बंगाली वाचता येत नाही, पण एकही खाडाखोड नव्हती.

“काय अक्षर हो पणजोबांचं!”

“त्यांचं? कोंबडीचे पाय! हे त्यांच्या बहिणीचं. नवव्या वर्षी विधवा झालेली. त्यांची भाषणं तीच नीट उतरवून द्यायची. आमच्याकडे विधवेला एकादशीला पाण्याचा थेंबही नाही, तरी लिहायची.”

“मग तिचं लग्न नाही लावलं त्यांनी?”

“तिचं कसं लावणार? ती घरातली होती ना.”

जिना उतरताना डोकं भणाणलं होतं. ढोंगी लेकाचे! पुढच्या पत्रकाचा मथळाच मिळाला, असं वाटलं.

वाकोल्याला घरी आलो. आई जमिनीवर बसून माझ्या पत्रकांच्या घड्या घालत होती. दर वेळी तीच घालते. बाबा गेल्यापासून तिला तेवढंच काम सांगतो मी. रविवारी बहिणीची हळद होती. फ्रीजवर पाच सवाशिणींची यादी चिकटवलेली. आत्यानं फोनवर सांगितली आणि मी लिहून घेतली. अक्षर माझं. त्यात आई नव्हती आणि लिहिताना माझा हात अडखळलाही नव्हता.

“आई, पहिली हळद तूच लावायचीस. बघतो कोण अडवतं ते.”

“म्हणजे भांडणार? मला मध्ये उभी करून?” घडीवर नख ओढत ती म्हणाली. “मला माझ्या लेकीला हळद लावायचीय रे. तुझ्या पत्रकातली बाई नाही व्हायचं.”

मी यादी फाडली. तिनं पुढची घडी घातली.

रविवारी आत्यानं हाक दिली, “चला गं पाच जणी, पुढं या!” मी भाषण तयार ठेवून उभा होतो. बहीण पाटावर येऊन बसली. तिचे दोन्ही गाल आधीच पिवळे होते.

“अगं, ही कुणी लावली?”

“लागली असेल कुठंतरी,” बहीण म्हणाली आणि मान खाली घालून हसली.

मी स्वयंपाकघरात डोकावलो. आई पाठमोरी, नळाखाली हात धूत होती. मायलेकींनी दार लावून घेतलं असणार. मला मात्र बोलावलं नव्हतं.