लोडिंगला वेळ लागतोच

आमच्या दुकानात दोन गोष्टी साचतात. एक सीपीयूमधली धूळ, दुसरे किस्से. धूळ ब्लोअर मारला की उडते. किस्से मात्र चिकटून बसतात. कळमनुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून मला आणि माझ्या पार्टनरला, राठोडला, नऊ वर्षं झाली. सगळे किस्से सांगत बसले तर चहाची किटली तीनदा भरावी लागेल. म्हणून आज एकाच गिऱ्हाइकाचे सांगते. माणूस एक, गेम एक आणि तो गेम लोड होता होता अडकायचा, एवढंच दुखणं.

*

बाजाराचा दिवस होता. एक काकू जीपमधून उतरल्या, पाठीवर पोतं घेऊन थेट दुकानात आल्या. पोतं टेबलावर ठेवलं, पदरानं घाम पुसला आणि विचारलं, "मिस्त्री कुठं गेला?"

"मीच मिस्त्री," मी म्हटलं.

काकूंनी राठोडकडे पाहिलं. राठोड गरीब चेहरा करून म्हणाला, "मी नुसते स्क्रू फिरवतो, काकू. डोकं ताईंचं."

"मंग बरंय," काकू म्हणाल्या. "आमच्या घरीबी तसंच हाय."

पोत्यात सीपीयू होता, गोधडीत गुंडाळलेला. काकू वारंगा फाट्याच्या. त्यांचे मालक मारोतीकाका, सव्वीस वर्षं ट्रक चालवलेले. दोन वर्षांपूर्वी अपघातात काकांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला आणि लायसन कपाटात जाऊन पडलं. पुण्याच्या पोरानं दिवाळीला हा कॉम्प्युटर आणला, सोबत टेबलाला लावायचं स्टिअरिंग आणि ट्रक चालवायचा गेम. त्यात रेस पायाऐवजी हातानं देता येते, हे ऐकून काकांनी म्हणे त्या दिवशी दोन वेळा दाढी केली. पोरगा सगळं जोडून पुण्याला गेला आणि गेम काही सुरूच झाला नाही.

"तवापासून दिवसभर ओसरीत बसून मलाच चालवतेत," काकू म्हणाल्या. "शेरडं आत घ्यायला लागले की म्हणतेत, डावी काट, डावी काट. पाण्याचा हंडा घेऊन आले की म्हणतेत, वळणावर हॉर्न द्यायचा."

आम्ही हसलो. काकूही हसल्या. मग पोत्याची घडी घालता घालता म्हणाल्या, "तेवढी गाडी चालू करून द्या ताई. पाय गेला तवा हा माणूस एवढा खचला न्हवता."

*

दुसऱ्या दिवशी मी काकांना फोन लावला. दुखणं काय ते पेशंटकडूनच ऐकलेलं बरं.

"काका, गेम किती दिवसांपासून बंद आहे?"

"बंद कुठं व्हता? लोडिंग चालू व्हतं."

"म्हणजे?"

"म्हंजे पडद्यावर लिहून आलं की लोडिंग. पोरानंच जाता जाता वाचून दाखवलं. मी बसलो थांबून."

"किती वेळ?"

"तीन दिवस. मधी लाईट गेली की नंबर पुन्हा मागं जायाचा."

मी फोनवर हात ठेवून राठोडला हे सांगितलं. राठोड हसून हसून स्टुलावरून उतरला.

काका मात्र मला समजावत होते. "हिंगोलीला हळद भरायची तर दोन-दोन दिवस गाडी लायनीत उभी ऱ्हायची. कधी हमाल जेवाया गेलेले, कधी वजनकाटा बंद. लोडिंगला वेळ लागतोच, ताई. घाई केली की माल हलतो. आता हिनं पोत्यात घालून तुमच्याकडं आणली, म्हंजे माझा नंबर गेलाच."

नऊ वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. बाकीचे लोक तिसऱ्या सेकंदाला माउस आपटतात.

*

पाच दिवसांनी काका स्वतःच आले, कुबडी घेऊन, स्टिअरिंग बगलेत मारून. गाडी गॅरेजला असली की ड्रायव्हरनं समोर बसायचं असतं, असा त्यांचा नेम. मी गेम सुरू केला. पट्टी अर्ध्यावर गेली, थांबली आणि यावेळी नुसती अडकली नाही तर गेमच बंद होऊन एक चौकोन उघडला.

"क्रॅश झाला," राठोड म्हणाला.

काका सावरून बसले. "क्रॅश म्हंजे अपघातच ना?"

"तसंच काहीसं."

"गाडी तर जाग्यावरच हाय की. निघालीबी न्हाई."

राठोडनं चौकोन वाचला. "रिपोर्ट पाठवू का म्हणून विचारतोय. गेमच्या कंपनीला."

"न्हाई," काका म्हणाले. "उभ्या गाडीचा अपघात अन् ड्रायव्हरचा रिपोर्ट. कोण ऐकून घेतंय? मला ठाव हाय."

मग त्यांनी सांगितलं. ट्रक रस्त्याच्या कडेला घेऊन ते टायर बदलत होते. पाठीमागून दुसरी गाडी येऊन आदळली. त्यांच्या गाडीत हिंगोलीची हळद होती. ते दवाखान्यात असताना हळदीच्या मालकानं माल दुसऱ्या गाडीत भरून पाठवून दिला.

"पाय गेला ते गेलंच," काका म्हणाले. "पण माल मी पोचवला न्हाई. सव्वीस वर्षांत तेवढी एक खेप अर्धी ऱ्हायली."

राठोडनं हळूच 'पाठवू नका'चं बटण दाबलं.

*

आता माझी चूक सांगते.

त्या संध्याकाळी मी सीपीयू तपासला. गेमचं चित्र पडद्यावर काढायला एक छोटं सॉफ्टवेअर लागतं, ते फार जुनं निघालं. मला वाटलं सापडलं. आनंदाच्या भरात काकांना फोन केला.

"काका, कळलं काय ते. ड्रायव्हर जुना झालाय. तो काढून टाकते आणि नवीन घालते."

पलीकडून "बरं" एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं काकू हजर. पोतं नाही, पिशवी नाही, नुसत्या काकू. "काय बोललीस गं तू माणसाला? कालपासून भाकरीला हात लावला न्हाई."

मला दोन मिनिटं काहीच कळेना. मग कळलं आणि मी डोक्याला हात लावला. तिथूनच काकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं, की ड्रायव्हर हे त्या सॉफ्टवेअरचं नाव, तुमच्याशी त्याचा काही संबंध नाही.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मंग त्याचं नाव ड्रायव्हर काहून ठेवलं?"

मी म्हटलं, नाव ठेवणाऱ्याला विचारून सांगते.

नवीन ड्रायव्हर घातला. गेम अगदी त्याच जागी येऊन अडकला. हेही काकांना कळवलं, तर एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज खुलला. "बघा. ड्रायव्हरची चूक न्हवती."

*

खरा दोष राठोडला सापडला, तोही जेवणाचा डबा सोडता सोडता. त्या दिवशी काका-काकू दोघंही बाकावर बसलेले. राठोड एका हातानं फाइली चाळत होता. अचानक म्हणाला, "काका, काकू आडव्या येऊन राहिल्या."

काकू ताडकन उठल्या. "म्या? म्या तर त्याला फडकंबी मारलं न्हाई!"

झालं होतं असं. काकांच्या ट्रकच्या कपाळावर काकूंचं नाव होतं, 'कलावती'. पोरानं कॉम्प्युटरवर खातं उघडताना त्यालाही तेच नाव दिलं, मराठी अक्षरांत. मग त्या कॉम्प्युटरमधला मुख्य फोल्डर 'कलावती' झाला. गेम आपलं सामान त्याच फोल्डरात ठेवायला जायचा, मराठी अक्षरं त्याला वाचता यायची नाहीत आणि बिचारा दारातच उभा राहायचा.

"इंग्रजी अक्षरांत दुसरं काहीतरी नाव देऊ," मी म्हटलं. "लगेच चालेल."

काका तयार होईनात. "तामिळ मुलखापर्यंत गेली ही गाडी. तिथं कुणाला मराठी वाचता येत न्हाई, पण कलावतीला कुणी आडवलं न्हाई. हा कोण लागून गेला? नाव पुसून गाडी चालवायची न्हाई."

एक सांगायचं राहिलं. काका घरात काकूंना 'अगं' म्हणतात. कलावती म्हणून हाक मारायचे ती फक्त ट्रकला, घाट चढताना. हे मला काकूंनीच सांगितलं होतं, जरा लाजून.

वाद अर्धा तास चालला. गेम एका बाजूला, नाव एका बाजूला आणि काका दोन्ही सोडायला तयार नाहीत. शेवटी काकूच म्हणाल्या, "नाव कपाळावर लिहितेत का इंजनात?"

काकांनी विचार केला. "कपाळावर."

"मंग इंजनात काय बी असू द्या की."

नऊ वर्षांत आमच्या दुकानात निघालेला सगळ्यात चांगला तोडगा हाच. राठोडनं त्याच दुपारी नवीन खातं उघडून गेम त्यात टाकला, पण नाव लिहून झाल्याशिवाय काका सुरू करू देईनात.

*

दोन दिवसांनी काका-काकू घरचा मॉनिटर आणि फाट्यावरचा पेंटर असे दोघांनाही घेऊन आले. हा पेंटर ट्रकवर नावं लिहितो. त्यानं मॉनिटरच्या वरच्या पट्टीवर पिवळ्या रंगात 'कलावती' लिहिलं, दोन बाजूंना दोन कमळं काढली. मी गिऱ्हाइकाशी बोलत होते तेवढ्यात त्यानं सीपीयू फिरवून पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' पण लिहून टाकलं. मग मला विचारलं, "गाडीचा नंबर काय टाकू?"

राठोडनं सीपीयूचा सिरियल नंबर वाचून दाखवला. पेंटरनं तोही लिहिला.

*

रंग वाळला. काकूंनी मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. काकांनी टेबलाला स्टिअरिंग घट्ट बसवलं, त्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि मी गेम सुरू केला.

पडद्यावर लोडिंग आलं. पट्टी अर्ध्यावर जाऊन थांबली. मी माउसकडे हात नेला.

"घाई करू नका," काका म्हणाले.

पट्टी हलली, पुढं गेली, भरली. समोर ट्रकची केबिन उघडली. काच, आरसे, पुढं लांब रस्ता.

काकांनी तासभर गाडी चालवली. एकदाही ओव्हरटेक केलं नाही. प्रत्येक वळणाला हॉर्न दिला. बाजारातली माणसं दारात गोळा झाली होती, त्यांतले दोघे "काका, जरा पळवा की" म्हणाले, तर काकांनी मागं न बघता सांगितलं, "माल हाय गाडीत."

गोदाम आलं. आता गाडी रिव्हर्स घेऊन लावायची होती. गेममध्ये आपोआप लावायचं बटण असतं, ते मी दाखवलं. काकांनी मान हलवली.

"कलावती," ते म्हणाले, "मागं बघ."

गाडीला म्हणाले की काकूंना, आम्हाला कुणालाच कळलं नाही. काकूंना कळलं. त्या उठल्या आणि टेबलाच्या पलीकडे, सीपीयूच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. तिथून पडदा दिसत नाही. काकांचा चेहरा तेवढा दिसतो. त्या त्याच्याकडेच बघत होत्या.

"येऊ द्या," काकू म्हणाल्या. "येऊ द्या. डावी काटा. येऊ द्या... बास."

आणि क्लीनर गाडीला मारतो तशा सीपीयूवर दोन थापा मारल्या.

पडदा जागीच थिजला. ट्रक गोदामाला लागलेला, पण इंजिनाचा आवाज बंद, काही हलेना. मी घाईनं उठले आणि बटणाकडे हात नेला.

काकांनी स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले होते. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत होते.

"ताई, हात लावू नका."

"काका, अडकलं ते."

"अडकलं न्हाई," काका म्हणाले. "माल उतरून गाडी खाली होऊन ऱ्हायली. वेळ लागतोच."