सगूच्या पेटीचं तोंड

माझ्या वडिलांनी आयुष्यात लाकडाच्या पुष्कळ वस्तू केल्या. त्यांतली एकच बिघडली नाही, आणि घरात जो काय घोटाळा झाला तो त्या न बिघडलेल्या वस्तूने केला.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. दिवसभर ते नंदुरबारच्या एका जिनात कापसाच्या गाठींवर शाईने आकडे घालत आणि संध्याकाळी गोठ्याशेजारच्या पडवीत रंधा घेऊन बसत. ही पडवी म्हणजे त्यांचा कारखाना. तिथे तयार झालेल्या पाटावर जेवायला बसलं की माणूस होडीत बसल्यासारखा डुलत असे. पोळपाट असा की पोळी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला नाहीच! देव्हारा तर इतका उतरता झाला होता की बाळकृष्ण घसरत घसरत रोज गणपतीच्या अंगावर जाऊन पडे. माय त्याला उचलून जागेवर ठेवी आणि नानांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणे, "ह्या घरमा देवले बी सुखमा बसता येत नही!"

अशात धाकट्या बहिणीचं, सगूचं, लग्न कळसाडीला ठरलं आणि नानांनी जाहीर केलं, "सगूना दागिनानी पेटी मी करसू," तेव्हा घरातल्या सगळ्यांनी देव्हाऱ्याकडे बघितलं. माय एवढंच म्हणाली, "करा. पन दागिना निंघाले पाहिजेत हां त्यामातून!"

(मायच्या जिभेवर तीळ होता. मी तेव्हा शास्त्र शिकून आलो होतो, म्हणून मानत नव्हतो.)

मी त्या वेळी धुळ्याच्या हायस्कुलातून मॅट्रिक होऊन घरी आलो होतो आणि जगातल्या सर्व वस्तूंचे नियम मला पाठ होते. नाना खांडबाऱ्याच्या बाजारातून शिसवीचा एक ठोकळा घेऊन आले. आगगाडीतून उतरून घरापर्यंत त्यांनी तो तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून आणला. मी मदतीला पुढे झालो, तर म्हणाले, "तू पुस्तक धर. त्याले धार नसस."

म्हणून मी पडवीच्या उंबऱ्यावर पुस्तक धरून बसे. पण हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की पान उलटायचं राहून जातंय. ज्या हातांनी डुलणारे पाट केले, तेच हात आता पटाशीने लाकडाचा एवढासा कीस काढत, थांबत, फुंकर मारत, बोटाने चाचपत आणि पुन्हा एवढासा कीस काढत. काळपट लाकडातून जांभळी रेघ वर येई. तिचा वास पडवीभर, अगदी गोठ्यातल्या शेणावरही मात करून दरवळे. पेटीला खिळा म्हणून नाही. हाताची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे चारी कोपरे एकमेकांत गुंतलेले, आणि त्या गुंतवळीत केस शिरणार नाही! शेवटी लाखेचा हात फिरला आणि पेटी चिंचोक्यासारखी चमकू लागली. मिटताना झाकणाचा आवाज कसा, तर लहान मूल जिभेने टाळूवर करतं तसा, टक्!

माय पदराला हात पुसत आली. तिने झाकणावरून एक बोट फिरवलं.

"हाई तुम्ही करी?"

"मंग कोन?"

"खरं सांगा."

"तुन्ही शपथ."

मायने पेटीला हात जोडले. आमच्या घरात नानांच्या हातच्या वस्तूला कोणी हात जोडण्याचा तो पहिलाच प्रसंग. (याआधी लोक हात टेकत असत.)

पेटीला पुढे चोचीसारखी एक नक्षी होती, तेवढंच तिचं तोंड. किल्लीचं भोक मात्र कुठेच नव्हतं. "कुलूप कोठे शे?" मायने विचारलं. नाना मिशीत हसले. "शे. दखाडाले करेल नही." मग मायने स्वतःच्या अंगावरची पुतळ्यांची माळ, नथ आणि पाटल्या आपल्या हाताने पेटीत ठेवल्या. झाकण टक् करून मिटलं. उघडायचं गुपित नाना लग्नाच्या दिवशी सगूच्या कानात सांगणार होते.

लग्नाच्या दिवशी सकाळी जिनातले लोक आहेर घेऊन आले म्हणून नाना बाहेर गेले, आणि तेवढ्यात मायने पेटी देवकापुढे मांडली. झाकणावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, हळद वाहिली, अक्षता टाकल्या, निरांजन ओवाळलं.

नाना परत आले, पेटीकडे बघितलं आणि हळदीसारखे पिवळे पडले.

वऱ्हाडात नवरदेवाची एक आत्या होती. या आत्याबाईंचे डोळे बारीक आणि आवाज मोठा. त्या मांडवात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पेटी तं मोठी देखनी शे. दखाडा आते, आत काय शे ते."

नाना पुढे झाले. दोन्ही हात पेटीकडे नेले. कुंकवाकडे बघितलं. हात मागे घेतले. "उघडस, उघडस," म्हणाले आणि घाम पुसला. पुन्हा हात नेले, पुन्हा मागे! बघणाऱ्याला वाटावं, पेटी तापलेली आहे.

"काय व्हयनं?" आत्याबाई.

"लाकूड... नवं शे," नाना म्हणाले.

अशा वेळी घरात शिकलेला मुलगा असतो तो कशासाठी? मी उपरणं खोचून पुढे आलो. झाकण ओढलं. नखं घातली. (एक तिथेच राहिलं.) मग मी मांडवाला समजावून सांगितलं, की उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, तेव्हा झाकणावर गरम फडकं ठेवलं की झाकण सैल होईल. फडकं ठेवलं. पदार्थ प्रसरण पावला, आणि होती नव्हती ती फटही बुजली! मग दोघा धट्ट्याकट्ट्या वऱ्हाड्यांनी एकेका बाजूने ओढलं. ते दोघे मागे जाऊन पडले. पेटी जागच्या जागी, आणि वर स्वस्तिक जसंच्या तसं.

आत्याबाईंनी पेटीला कान लावला आणि निकाल दिला, "आत काई नही. नाहीतं खडा भरेल शेतस."

मांडवातल्या बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. मंगळसूत्र सासरचं, त्यामुळे लग्न अडलं नाही. सगू हिरव्या काचेच्या बांगड्यांवर बोहल्यावर उभी राहिली. पण तिच्या मागे "रिकाम्या पेटीची सून" हे नाव कळसाडीपर्यंत जाणार आणि तिथून ते जन्मात पुसलं जाणार नाही, हे मांडवातल्या प्रत्येक बाईला समजलं होतं. मायने तर डोळ्याला पदर लावला तो काढलाच नाही.

नानांनी मला गोठ्यामागे ओढलं.

"भाऊ, ती पेटी पाठवर लवंडाले लागस."

"म्हणजे?"

"झाकणमा आडणी शे, लाकडी खिट्टी. आपल्या वजनवर पुढे सरकस आनि खाचमा बसस. पेटी मांगे पाठवर पाडी का आडणी मांगे सरकस, झाकण मोकळं व्हस. कुलूप नही, किल्ली नही!"

मी आ वासून त्या माणसाकडे बघत राहिलो. पृथ्वीचं आकर्षण मी पुस्तकात वाचलं होतं. या माणसाने ते पेटीत बसवून ठेवलं होतं!

"नाना, मग मघाशीच का नाही लवंडली?"

नाना कळवळून म्हणाले, "अरे, तीच तं युक्ती शे! चोर काय करी? ओढी, ठोकी, खरडी. पन कुंकू लायेल पेटी कोन्ही लवंडस का? चोर बी नही लवंडाव! पन तुन्ही माय मन्हा आधी कुंकू लाई बसनी. आते लगनना दिन, सासरना लोकेसमोर, लेकना कुंकूनी पेटी बाप लवंडी?"

नानांनी अशी पेटी केली होती, की जी जगातला कोणीही चोर उघडू शकणार नाही, आणि कोणीही सज्जनही!

पाठराखा म्हणून मी सगूबरोबर निघालो. छकड्यात पेटी माझ्या मांडीवर. रस्त्यात धक्के बसत तसतशी आत पुतळ्यांची माळ खुळखुळे आणि समोर बसलेल्या आत्याबाई प्रत्येक खुळखुळीला म्हणत, "खडा!" तापीकाठी बैल सोडले तेव्हा मी ठरवलं, आता आडोशाला जाऊन हळूच कार्यभाग उरकावा. बाभळीमागे बसलो, पेटी उपरण्याखाली घेतली आणि मागे कलती करणार, एवढ्यात डोक्यावरून आवाज आला,

"काय करी ऱ्हायनात भाऊसाहेब?"

"ऊन... पेटीला ऊन दाखवतोय."

"उपरणाखाल?"

आत्याबाईंनी पेटी माझ्या हातातून घेतली आणि सरळ, अगदी ताठ, स्वतःच्या मांडीवर ठेवली. मी सगूला पाणी द्यायच्या मिषाने तिच्याजवळ गेलो आणि सगळं सांगितलं. वाटलं, ही आता रडणार. ती मुंडावळ्यांच्या आडून हसली. खांदे गदागदा हलेपर्यंत हसली! (लांबून बघणाऱ्यांना वाटलं माहेरच्या आठवणीने रडतेय. दोघी बायकांनी तर तिच्यासोबत डोळे पुसले.)

"नाना म्हंजे नानाच शेतस," ती म्हणाली. "भाऊ, तू राहू दे. मी दखस."

दिवस कलला तेव्हा कळसाडीला पोचलो. दारात रांगोळी, उंबऱ्यावर गव्हाने भरलेलं पितळी माप. सासूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या. नवी नवरी उजव्या पायाने माप आत लवंडणार, धान्य घरात सांडणार, म्हणजे लक्ष्मी आली. सगळं गाव दारात जमलेलं.

सगूने पाय उचलला आणि परत ठेवला.

"सासूबाई, एक इचारू?"

"नवी सून उंबरावर बोलस!" आत्याबाई ओरडल्या.

"बोलू दे," सासूबाई म्हणाल्या.

"भरेल माप लवंडं तं लक्ष्मी येस ना? मंग मन्ही पेटी बी मापना जोडे ठेवा. भरेल व्हई तं लक्ष्मी सांडी. रिकामी व्हई तं आत्याबाईना शब्द खरा."

मग सासूबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं ते ताटातल्या दिव्यांसारखं पसरत गेलं. "ठेव रे भाऊ," त्या मला म्हणाल्या.

या सगळ्या प्रकरणात माझ्याकडे आलेलं एवढं एकच काम. पेटी उंबऱ्यावर मापाशेजारी ठेवायची. मी विचार केला: लक्ष्मीचं तोंड घरात असावं. म्हणून पेटीचं तोंड मी आदराने घराकडे केलं.

सगूने अंगठ्याने माप लवंडलं. गहू घरभर धावले. मग पेटीला पाय लावला. पेटी धप्प करून पडली, तोंडावर! आणि दगडासारखी मिटलेली राहिली.

"दखा!" आत्याबाईंनी टाळी वाजवली. "दखा, मी काय म्हनू!"

सगूने पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. सगळ्या गावासमोर, नवरीला शोभणार नाही अशा स्वरात म्हणाली, "भाऊ, मॅट्रिक व्हयना ना तू? तोंड मन्हाकडे कर!"

मी पेटी उचलली, फिरवली, ठेवली. तिने पुन्हा अंगठा लावला. पेटी सावकाश, मोठं माणूस उशीला टेकावं तशी, पाठीवर गेली. आत कुठेतरी काहीतरी घरंगळलं. आणि झाकण आपलं आपण, कोणाचा हात न लागता, दार उघडावं तसं जमिनीवर उघडलं! पुतळ्यांची माळ, नथ, पाटल्या सरसरत गव्हाच्या राशीत जाऊन पडल्या. संध्याकाळचं ऊन दारातून थेट त्यांच्यावर.

गावाने श्वास आत घेतला तो आवाज मला अजून ऐकू येतो. पण मी बघत होतो सासूबाईंकडे. त्यांनी सोन्याकडे पाहिलंच नाही. त्या खाली बसल्या, पेटी सरळ केली. टक्. पाठीवर पाडली. उघडली. पुन्हा सरळ. टक्. मग वर बघून अगदी हळू म्हणाल्या, "ज्याना हात हाई बनावस, त्यानी लेक मन्हा घर उनी!"

आत्याबाईही बसल्या. त्यांनी रात्रीच्या जेवणापर्यंत पेटी लवंडली. मला जेवायला बोलवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमना बाप माणूस नही," आणि मग घाईने, "म्हंजे, देवमाणूस!"

तेव्हापासून त्या घरात येणारी प्रत्येक सून मापाशेजारी नानांची पेटी लवंडत आली. मी परत येऊन सगळं सांगितलं तेव्हा नाना पडवीत गेले आणि आनंदाच्या भरात त्यांनी एक चौरंग केला. तो उभा राहिलाच नाही.

सगू या हिवाळ्यात गेली. दिवस झाल्यावर भाचा पेटी घेऊन आला. "आईनं सांगेल व्हतं, मामाले द्या." झाकणावर कुंकवाचं बोट होतं, तिच्याच हाताचं. पेटी मी टेबलावर, पुस्तकांच्या शेजारी ठेवली. हलवली की आत काहीतरी वाजे. मी शाळेत मुलांना अंधश्रद्धेवर निबंध घालणारा मास्तर. उघडायची रीत मला ठाऊक. पण ते कुंकू असताना माझ्याने काही ती लवंडवेना. हात न्यावा आणि मागे घ्यावा. नानांचा तो घाम मला आता कळला.

शेवटी काल दुपारी, घरात सामसूम बघून, मी पेटी आमच्या माजघराच्या उंबऱ्यावर ठेवली, धोतर वर धरलं आणि उजव्या पायाचा अंगठा लावला. पेटी धप्प करून तोंडावर पडली, मिटलेलीच. शिसव जड असते. अंगठा काळानिळा झाला. मी पेटी फिरवली. पुन्हा लावला.

झाकण उघडलं. आत मूठभर गहू होते, जुने, लाखेच्या रंगावर गेलेले. ते घरभर धावले.

मी गुडघ्यांवर बसून एकेक दाणा वेचत होतो, आणि नीट दिसत नव्हतं. तेवढ्यात आमचं कुटुंब स्वयंपाकघरातून बाहेर आलं. तिने गव्हाकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, माझ्या अंगठ्याकडे बघितलं.

"आधी तोंड उलटं ठेवलं होतं ना?"

"हो."

ती आत गेली आणि चहाचा कप घेऊन दारात उभी राहिली.

"या, सूनबाई," ती म्हणाली. "उजवा पाय आधी."