पेंढ्याची गाडी जाते म्हणून

भोरच्या एसटी स्टँडसमोर चहा पिताना कुणी ड्रायव्हर आपल्या गाडीची बढाई मारायला लागला, की उत्रोलीचे साहेबराव त्याला मध्येच थांबवायचे. तुझी गाडी चांगली असेल बाबा, पण गाढवपणात पहिला नंबर माझा, तो कुणाला देणार नाही, असं म्हणून कप खाली ठेवायचे आणि स्वतःचीच फजिती सांगायला बसायचे. आपल्या हातानं आपली अब्रू चव्हाट्यावर मांडणारा असा माणूस सगळ्या भोर-वेल्ह्यात दुसरा नव्हता.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या माघातली. साहेबराव तेव्हा मानसिंगराव ठेकेदारांकडे गाडीवर होते. मानसिंगरावांनी लष्कराच्या लिलावातून दोन गाड्या उचलल्या होत्या, दोन्ही चारी चाकांनी ओढणाऱ्या. एक लहान जीप. ती शिवऱ्याचा रतन चालवायचा. दुसरी थोरली, तिची चाकं साहेबरावांच्या कमरेला लागत. तोंडाशी लोखंडी दोर गुंडाळलेलं ओढायचं चक्र, पुढची काच आडवी पाडता यायची, मागं फळ्यांवर दहा माणसं आरामात बसायची. इंजिन सुरू झालं की स्टँडवरची कुत्री आपण होऊन बाजूला सरकायची. साहेबरावांना वाटायचं, कुत्री आपल्यालाच भितात.

जीपला ते काडेपेटी म्हणायचे. चढ कुठलाही असो, थोरली चढणार; चिखल कितीही असो, थोरली निघणार; हा त्यांचा दिवसातून चार वेळचा जप होता. रतन ऐकून घ्यायचा. त्याच्या डॅशबोर्डावर बाबासाहेबांचा तळहाताएवढा फोटो होता, तो फडक्यानं पुसत तो एकदाच म्हणाला होता, "साहेबराव, गाडीत लई जोर आसंल, पण वाटंनं जाऊ दिलं तर." साहेबरावांनी हे बोलणं हसण्यावारी नेलं. नेणारच. डोक्यात हवा भरली की कानात काही शिरत नाही.

त्या माघात पुण्याच्या डॉक्टरांनी वेल्ह्याच्या शाळेत मोतीबिंदूचं शिबिर भरवलं. तपासणी एकच दिवस, दुपारी दोनपर्यंत. तपासून जे नाव कागदावर चढेल त्याचाच डोळा कापायचा, बाकीच्यांनी पुढच्या साली यायचं. डोंगरातली म्हातारी माणसं आणायला मानसिंगरावांनी दोन्ही गाड्या दिल्या. पासलीहून सात जण यायचे होते आणि त्यांत साहेबरावांच्या सासूबाई होत्या, जाईबाई. त्यांना दोन वर्षं दोन्ही डोळ्यांनी धुकंच दिसत होतं. त्यांचं मागणं मोठं नव्हतं. तांदळातला खडा आपला आपल्याला निवडता यावा, सुनेला हाक मारायला लागू नये, एवढंच.

मालकांनी सांगितलं, पासलीला जीप जाऊ दे. झालं, साहेबरावांच्या पोटात दुखायला लागलं. आपल्या सासुरवाडीला रतनची काडेपेटी जायची आणि थोरली दुसऱ्याच गावाला? त्यांनी मालकांना हिशेब समजावला, की जीपला दोन खेपा लागतील आणि थोरली एका खेपेत सातही जण आणील. बरं, वाटेची चौकशीही त्यांनी केली होती, अगदीच आंधळा कारभार नव्हता. आठ दिवसांपूर्वी मेहुणा चिमाजी बाजाराला आला होता, त्याला विचारलं होतं, गावाखालच्या खिंडीतून गाडी जाते का. चिमाजी म्हणाला, पेंढ्यानं भरलेली बैलगाडी जाते की. आता पेंढ्याची भरलेली गाडी म्हणजे चालतं फिरतं घर. ते जातं तर आपली का जाणार नाही? साहेबराव निवांत झाले.

शिबिराच्या दिवशी सकाळी आठला थोरली खिंडीत शिरली. दोन्हीकडं छातीएवढा कातळ, त्यावर कारवीचं रान. मधल्या वाटेत बैलगाड्यांच्या चाकांनी पिढ्यान्‌पिढ्या कोरलेल्या दोन चाकोऱ्या. साहेबराव हॉर्न वाजवत निघाले, कारण खिंडीच्या वर गाव होतं आणि गावाला कळायला हवं होतं कोण आलंय ते. चार गाड्यांची लांबी आत गेल्यावर उजवीकडून खर्रर्र आवाज आला. मग डावीकडून. मग आवाज थांबला आणि गाडीही.

तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. पेंढा रुंद असतो तो वर, कातळाच्याही वर. खाली गाडीची चाकं असतात ती त्याहून हातभर अरुंदच. बैलगाडीला जेवढी चाकोरी तेवढीच खिंड खालून रुंद. हे पासलीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं, पण विचारलं होतं कुणी? साहेबरावांनी पेंढा विचारला होता, चाक विचारलंच नव्हतं.

दार उघडायला जागा नव्हती. काच आडवी पाडून ते बॉनेटवरून खाली उतरले. पण हार मानतील तर साहेबराव कसले. पुढचा लोखंडी दोर वरच्या आंब्याला बांधला आणि चक्र फिरवलं. गाडीत जोर होता, तो काही खोटा नव्हता. त्या जोरानं गाडी हातभर पुढं गेली आणि दोन्ही कातळांत अशी पक्की रुतली, की आता मागंही येईना. म्हणजे जरा कमी जोराची असती तर निघाली तरी असती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तोवर चिमाजी सातही जणांना घेऊन वरून खाली आला. एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात, पुढं काठी टेकत त्यांतलेच एक कोंडिबा. साहेबरावांनी त्या रांगेकडं पाहिलं आणि त्यांना एकदम हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. ही गाडी दाखवायला आणली होती कुणाला? सात माणसांत धड दिसणारा डोळा एक नव्हता.

स्टँडवर इथपर्यंत हसू मावत नसे. पुढचं साहेबराव सगळ्यांना सांगत नसत.

ते डांबरी रस्त्यापर्यंत तीन मैल पळत गेले. रतन आपली पहिली खेप वेल्ह्यात सोडून दुसऱ्या गावाला निघालेला त्यांना वाटेत भेटला. रतन एक शब्द टोचून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं साहेबरावांना वाटत राहिलं. जीप चाकोरीत चाकं ठेवून खिंडीत शिरली, जणू ती वाट तिच्याच मापानं कोरली होती, आणि थोरलीच्या शेपटाशी येऊन उभी राहिली. आता म्हाताऱ्यांना पलीकडं आणायचं कसं? कातळ चढणं त्यांच्यानं होणार नव्हतं. मग एकेकाला बॉनेटवर चढवलं, आडव्या काचेवरून आत घेतलं, फळ्यांमधून चालवत मागच्या बाजूनं उतरवलं. एवढ्या मोठ्या गाडीचा त्या दिवशी साकव झाला. कोंडिबा चाचपडत म्हणाले, गाडी लांब हाय बरं का, आणि ते मनापासून म्हणाले.

जीपमध्ये पुढं दोघं आणि मागं चौघं बसले. सातव्याला जागा नव्हती. तरणा गडी असता तर मागं लटकून आला असता, पण न दिसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला लटकवणार कसं? साडेअकरा वाजले होते. कोण थांबणार, हे विचारायचं साहेबरावांच्या जिवावर आलं. सहा जणांपैकी कुणाला उतर म्हणायचं? विचारावं लागलंच नाही. जाईबाई चाकाला हात लावून मागं सरल्या.

"वाट माझ्या जावयानं अडवली," त्या म्हणाल्या, "मागं मीच ऱ्हाईन. सोड रं गाडी."

रतन परत येईपर्यंत दोन तास सासू-जावई थोरलीच्या फळीवर बसून होते. साहेबराव सारखे घड्याळ बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी कबूल केलं, की मालकांनी जीपच सांगितली होती, ही गाडी मीच हट्टानं आणली, गावानं बघावं म्हणून. जाईबाईंनी फळीवरून हात फिरवला आणि फळी गुळगुळीत आहे म्हणाल्या. साहेबरावांना रडू आलं. ते त्यांनी दाबलं नाही, कारण बघायला कुणी नव्हतं.

रतननं जीप पळवता येईल तेवढी पळवली. शाळेत पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते, कागद बंद झाला होता आणि डॉक्टर हात धूत होते. साहेबराव पाया पडले. डॉक्टर चांगले होते, त्यांनी बॅटरी लावून डोळे पाहिले. पण खाटा भरल्या होत्या, औषधं मोजकी होती. पुढच्या साली नक्की आणा, म्हणाले.

थोरली दोन दिवस पहारी चालवून निघाली. त्यानंतर साहेबरावांनी मालकांकडं जीप मागितली, आणि थोरली आनंदानं रतनच्या गळ्यात घालायला निघाले. रतननं हात जोडले. वर्षभर दर अमावास्येला ते पासलीला जायचे, सासूबाईंसमोर बसून तांदूळ निवडायचे. खडे सापडायचे, पण सुनेच्या मानानं कमीच.

पुढच्या माघात ते त्यांना आदल्या दिवशीच घेऊन गेले. जाईबाईंचं नाव कागदावर पहिलं होतं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याला डॉक्टरांनी हात लावला नाही. मोतीबिंदू फार पिकला होता, आतून डोळा गेला होता. गेल्या साली जमलं असतं, असं ते सहज बोलून गेले. साहेबराव खाटेशी उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

पट्टी सुटली, जाड भिंगाचा चष्मा चढला आणि जाईबाई एकेक वस्तू बघायला लागल्या. खिडकी, तांब्या, नर्सबाईचे पांढरे बूट. साहेबराव नजरेसमोरून बाजूला सरकत होते, शेवटी भिंत आली. मग तिथंच उभं राहून ते म्हणाले, "मामी, तुमचा एक डोळा म्या घालवला."

जाईबाईंनी मान वळवून त्यांना डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं. दोन-तीन वर्षांचं पाहणं राहिलं होतं, त्यामुळं वेळ लागला.

"एका डोळ्यात बी मावताय की तुमी," त्या म्हणाल्या, आणि पाण्याचा तांब्या मागितला.