चित्रांची दुर्बीण

मोठ्या दवाखान्यांत आता पेशंटच्या डोळ्यांवर एक यंत्र चढवतात म्हणे. त्यात समुद्र दिसतो, डोंगर दिसतात आणि माणूस दुखणं विसरतो. मुलीनं पेपरातलं हे कौतुकानं वाचून दाखवलं आणि मी उठून आत गेले. हा शहाणपणा मी फार आधी करून बसलेय.

तेव्हा मी बसवकल्याणला एका लहान दवाखान्यात नर्स होते. राजेश्वर गावची एक सून भाजून आली. वरणाचं उकळतं पातेलं उतरवताना डाव्या हातावर सांडलं, कोपरापर्यंत कातडी सोलवटली होती. नवरा पुण्याला बांधकामावर, म्हणून सासराच तिला रोज बसनं पट्टी बदलायला आणायचा. भला माणूस. पट्टी होईपर्यंत दारातून हलायचा नाही.

पट्टीआधी दुखणं मारायचं इंजेक्शन द्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी दिलं तर परतताना बसमध्ये तिला गरगरलं. माझ्या मुलीकडं एक लाल प्लास्टिकची दुर्बीण होती, भावानं हैदराबादहून आणलेली. डोळ्याला लावायची, खटका दाबला की आत नवीन चित्र. दुसऱ्या दिवशी मी इंजेक्शनऐवजी ती सुनेच्या उजव्या हातात दिली आणि खिडकीकडं तोंड करून बसवलं.

काय सांगू, पोरगी हूं का चूं करेना. चिकटलेली पट्टी मी सोडवायलेय आणि ही आपली भराभर खटके दाबायलीय. "बघा कशी रमलीय," मी सगळ्यांना सांगत सुटले. इंजेक्शनची गरज न्हाई, असं डॉक्टरांनाही ऐटीत सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आठवडाभर मी अशीच मिरवत होते.

नवव्या दिवशी सासरा मुलाला फोन लावायला चौकात गेला. मी पट्टीला हात घातला आणि ती अशी किंचाळली की माझ्या हातातला चिमटा पडला.

मी चिडलेच. "आजच काय झालं गं? रोज तर गुमान बसायलीस."

"रोजच दुखायलंय, अक्का. मामांसमोर कसं ओरडू?"

"आन चित्रं?"

"डोळे मिटलेलेच असत्यात. लई दुखलं की खटका दाबते."

मला तोंड वर करवेना. मीही कुणाची तरी सून होते. सासऱ्यापुढं आवाज चढवायचा नसतो हे मला कुणी शिकवायला नको होतं. "अण्णा, जरा भायेर बसा," एवढंच म्हणायचं होतं. तेवढं मला सुचलं न्हाई, कारण मला माझं खेळणं जिंकायला हवं होतं.

मी कपाटाकडं धावले, इंजेक्शन भरायला लागले. तिनं मला हाक मारून थांबवलं.

"ते राहू द्या, अक्का. मामा यायच्या आत पट्टी सोडवा. तवर ओरडून घेते."