तापीचे पाणी आणि समुद्राची भरती

मी प्रकाशे सोडले त्या सकाळी वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, नंदुरबार स्टेशनापर्यंत आले नाहीत. धडगावकडच्या डोंगरातून एक कुटुंब अस्थी घेऊन तापीच्या घाटावर आले होते आणि त्यांचे विधी व्हायचे होते. बैलगाडी निघाली तेव्हा ओल्या धोतरानेच नाना पायऱ्या चढून वर आले, "तब्येतले जपजो," एवढेच बोलले आणि यजमानांकडे परतले. चारचौघांत ते ग्रांथिक मराठी बोलत. घरच्या माणसांशी मात्र अहिराणीतच. घाटावरचे उपाध्येपण आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलेले, आणि मी त्यांचा एकुलता मुलगा.

तापीकाठी राहिलेल्यांनो आणि माझ्याप्रमाणे दूर गेलेल्यांनो, ही हकीकत तुम्हा दोघांसाठी लिहितो आहे. पन्नासच्या दशकात सुरतेवरून मुंबई आणि तेथून बोटीने मी कुलाबा जिल्ह्यातील एका किनारी गावात संस्कृतचा शिक्षक म्हणून आलो. कळण्याच्या भाकरीची जागा भाताने घेतली. ओहोटी, मचवा, खाजण हे शब्द हळूहळू जिभेवर आले. अहिराणी उरली ती फक्त पत्नीशी बोलण्यापुरती. मुले शिकत होती, मला सुभाषितांचे अर्थ विचारत होती, आणि मी तेथे सुखी होतो. हे कबूल करायलाही मला संकोच वाटे.

काही वर्षांनी एका माघात नाना आले. खांद्यावरच्या झोळीत तापीचे पाणी भरून, तोंड मेणाने बंद केलेला तांब्याचा कलश होता. त्यांनी हेतू लपवला नाही. समुद्रातल्या पडक्या किल्ल्यात शंकराचे देऊळ आहे असे त्यांनी ऐकले होते. तेथे देवासमोर, तापीचे पाणी हातावर घेऊन, येत्या वर्षप्रतिपदेपासून घाटाचे काम स्वीकारीन असा संकल्प मी करावा, ही त्यांची इच्छा होती. पत्नी तान्ह्याला उचलून आत गेली. नानांना नाही म्हणण्याची मला सवयच नव्हती, आणि उदक सोडून दिलेला शब्द आमच्या घरात कधी फिरवला गेला नव्हता.

सकाळी आम्ही किनाऱ्याने निघालो. दोन कोळीवाडे ओलांडावे लागत. वलांडीवर, बांबूंच्या मांडणीवर, बोंबील वाळत होते. नानांनी उपरणे नाकाशी धरले. पण बायका मला नमस्कार करू लागल्या तसे त्यांनी ते हळूच खाली घेतले. दुसऱ्या वाडीत माणकूबाई नावाची म्हातारी कोळीण खडकांवरची शिंपल्यातली कालवे काढायला किल्ल्याकडेच निघाली होती. या वाड्यांतल्या पूजा मीच सांगत असे. ती वाटभर मला तिच्या नव्या होडीच्या पूजेचा दिवस विचारत राहिली. मी आलो नाही तर होडी पाण्यात घालायची नाही, असा तिने घरात हुकूम सोडला होता. नाना ऐकत चालले होते.

ओहोटी होती, म्हणून वाळूवरून पायीच किल्ल्यात जाता आले. तटाच्या भिंती कोसळल्या होत्या, बुरुजांवर उंबर माजला होता. देऊळ तेवढे धड होते. घाटावरची आमची रीत अशी की, जागा झाडून शुद्ध होईपर्यंत पूजेचे पाणी काठावरच ठेवायचे. त्या रीतीने नानांनी दाराबाहेर, पाण्यालगतच्या सपाट खडकावर कलश ठेवला. माघात तापी एक पायरीसुद्धा वर चढत नाही. मीही, इतकी वर्षे समुद्राकाठी राहून, त्यांच्यासमोर घाटावरचाच मुलगा झालो होतो. माझ्याही मनात शंका आली नाही. आम्ही पाला, माती, वटवाघळांची घाण काढली, लिंग धुतले. नानांनी रुद्र म्हटला, सावकाश, एकही स्वर न सोडता.

पाणी आणायला बाहेर आलो तो खडक नव्हता, कलशही नव्हता. आलो ती वाटही नव्हती. लाटा दाराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन परत जात होत्या. वरच्या दगडावर माणकूबाई टोपली घेऊन बसली होती. ती हसली.

"गुरुजी, तुमचं बाबा दर्याला नदी समजलं का काय? यो काय एका जागी बसून ऱ्हातंय?"

तिचा मुलगा होडी घेऊन येईल, तिच्यातून तुम्हालाही नेऊ, असेही तिने सांगितले. नाना पाण्याकडे पाहत उभे होते. माझ्या मनात प्रथम सुटका झाल्याचा आनंद उमटला, आणि लगेच त्याची लाज वाटली.

"नाना," मी म्हणालो, "किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. त्या पाण्यानेही संकल्प होतो. आणू का?"

 ते माणकूबाईकडे पाहून म्हणाले,

"ऱ्हाऊ दे. तू निंघी गया ते इन्ही होडी कोन पुजी? आठे तुले बी यजमान शेतस."

इथे मलाही यजमान आहेत, हे त्यांनी मानले होते. परतताना मासळीच्या टोपल्यांमध्ये जागा करून ते होडीत बसले. डोळे मिटलेले होते. पण उपरणे खांद्यावरच होते.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी त्यांनी वाळूवर आसन मांडले. संकल्पात आपण कोणत्या देशी, कोणत्या काठावर बसलो आहोत हे उच्चारावे लागते. जन्मभर मी त्यांच्या मुखातून तापीचेच नाव ऐकले होते. त्या जागी ते थांबले, माझ्याकडे पाहिले, आणि स्पष्ट स्वरात म्हणाले, "समुद्रतीरे."

आता नाना नाहीत. घाट चुलतभाऊ सांभाळतो. मी प्रकाश्याला जातो तेव्हा तापीचे नाव घेतो, येथे समुद्राचे. दोन्ही उच्चार खरे आहेत. घर म्हणजे मला आता एवढेच कळते, की ज्या काठाचे नाव देवासमोर खोटे ठरत नाही, ते घर. फक्त रोज सकाळी हातावर पाणी घेतल्यावर, काठाचे नाव येण्याआधी, मला क्षणभर थांबावे लागते.