काचेच्या गिलासातली आल्याची बीअर

१९४१ सालच्या मार्च महिन्याची नऊ तारीख, रविवार, सकाळचे साडेसहा. कोरीट गावातल्या आमच्या घरी मी मडक्यावरचे फडके सोडले, पळी आत बुडवली आणि वर उचलली. पळीबरोबर एक लांब चिकट तार वर आली. ती काही केल्या तुटेना.

"का वं बी.एस्सी.बाई, इतली शिकीसन भेंडीनी भाजीच करी का?" मागून फुई म्हणाली. फुई म्हणजे माझी आत्या. आमच्या स्वयंपाकघरावर तिची सत्ता होती आणि माझ्या पदवीवर तिचा विशेष राग.

मडक्यात भाजी नव्हती, आल्याची बीअर होती. आले ठेचून गुळाच्या पाण्यात उकळायचे, लिंबू पिळायचे, आणि निवल्यावर मागच्या खेपेचा गाळ विरजणासारखा घालून आंबू द्यायचे. नाव बीअर, पण नशा ताकाइतकीच. वडिलांनी ही कृती तरुणपणी रेल्वेच्या एका इंजिन ड्रायव्हरकडून शिकून घेतली होती, आणि उन्हाळ्यात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे ती मानाने ठेवली जाई. पितळी पेल्यातून पिणे चालू होते तोवर तिच्या रंगाची चौकशी कोणी केली नाही. मग वडिलांनी सुरतेहून काचेचे गिलास आणले आणि आमची बीअर पुरातल्या तापीसारखी गढूळ असल्याचे सर्वांना दिसले. एका व्याह्यांनी तर गिलास उजेडात धरून विचारले, "हाऊ काढा शे का? मी आजारी नही शे भो." वडिलांना ते फार लागले.

त्याच सुमारास मी पुण्याहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन परतले. आंबवण्याच्या रसायनशास्त्राचा पुढील अभ्यास मुंबईला जाऊन करावा, अशी माझी इच्छा. घरात मात्र माझ्या लग्नाची बोलणी. दोन्ही बाजू ऐकून वडिलांनी निवाडा दिला.

"आखाजीले पाव्हना येतीन. गिलासमा आरपार दिखनं, ते जूनमा तुन्ही मुंबई पक्की. नही दिखनं, ते मी सांगसू तठे लगीन."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा मोठा सण. निवाडा मी तत्काळ मान्य केला. प्रश्न मोजता येण्याजोगा होता, आणि मोजता येणाऱ्या प्रश्नांची मला भीती वाटत नसे.

तरीही पहिलाच डाव फसला, आणि तो केवळ आमच्या मुलखातल्या माणसाचाच फसावा असा होता. गुऱ्हाळात काहिलीतला उसाचा रस उकळू लागला की त्यात भेंडीची ताटे ठेचून काढलेला चिकट रस घालतात. तो मळी धरून वर आणतो, मळी झाऱ्याने काढून टाकतात आणि खालचा रस स्वच्छ होतो. हे लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे मी भेंडीचा रस सरळ आंबलेल्या, गार बीअरमध्ये ओतला. तिथे उकळी नव्हती, म्हणून मळी वर आली नाही; राहिली ती नुसती बुळबुळ.

ते मडके मी गोठ्यामागे ओतले आणि पद्धत बदलली. आता एका खेपेला एकच बदल करायचा. स्वच्छता मोजण्यासाठी माझ्याजवळ दहा इंची काचेचे मोजपात्र होते. कागदावर शाईची फुली काढायची, त्यावर मोजपात्र ठेवायचे, आणि वरून पाहत फुली दिसेनाशी होईपर्यंत बीअर ओतत जायचे. जितके इंच, तितकी ती स्वच्छ. फुईच्या नेहमीच्या बीअरचा आकडा सव्वा इंच आला. तो मी ओसरीच्या भिंतीवर कोळशाने लिहिला, तेव्हा फुई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

भेंडी मी तिच्या योग्य जागी नेली: गुळाचे पाणी उकळत असतानाच ती घातली आणि मळी काढून टाकली. दोन इंच. सुधारणा होती, पण धुके कायम होते. मग औषधाच्या पेटीतल्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब थोड्याशा बीअरमध्ये टाकला. ती निळी झाली.

त्या निळ्या रंगाने मला जो आनंद दिला, तो परीक्षेच्या निकालानेही दिला नव्हता. निळा रंग म्हणजे स्टार्च. गुळात स्टार्च नसतो, लिंबात नसतो, आल्यात असतो. आम्ही ठेचलेले आले थेट उकळत असू, त्यामुळे त्यातल्या स्टार्चची पातळ खळ होई, आणि खळ काही केल्या तळाशी बसत नाही. पुढच्या खेपेला मी आल्याचा रस गारच काढून वाटीत स्थिर ठेवला. तळाशी पांढरा थर बसला. वरचा रस तेवढा अलगद घेतला. साडेचार इंच.

उरला तो यीस्टचा गाळ. तो आपोआप तळाशी बसे. पण पाहुण्यांना वाढण्यापूर्वी मडके पळीने ढवळायचे, ही फुईची रीत.

"गाळमाच जीव शे," ती म्हणाली. "हलावं नही, ते पहिलाले पानी अन् शेवटलाले गाळ. हाऊ काय न्याय?"

"फुई, गाळमा जीव शे हाई खरं. मंग त्याले मडकामाच ऱ्हाऊ दे ना. पाव्हनासना गिलासमा कशाले घालस?"

"तू पहिले लगीन कर, मंग सासूले शिकाड."

शेवटी तह झाला. अख्खा गाळ, अजिबात न हलवता, पुढच्या विरजणासाठी फुईचा. वरची बीअर माझी. मडके मी ओल्या वाळूत पुरून गार ठेवले आणि रबरी नळीने, गाळाला धक्का न लावता, बीअर बाटल्यांत उतरवून बुचे घट्ट बसवली.

आखाजीच्या सकाळी तेच व्याही आले. त्यांनी गिलास पुन्हा उजेडात धरला आणि नाराजीने म्हणाले, "हाई ते नुसतं पानी शे! यंदा बीअर नही का?" मग त्यांनी मोठा घोट घेतला. आले थेट नाकात चढले आणि त्यांना लागोपाठ शिंका आल्या. सगळी ओसरी हसली; सर्वांत मोठ्याने फुई.

वडील हसले नाहीत. त्यांनी आपला गिलास डोळ्यांसमोर धरून त्यातून अंगणातला निंब पाहिला, मग बैल पाहिले. माझ्याकडे वळूनही न पाहता ते व्याह्यांना म्हणाले, "पोरगी जूनमा मुंबईले जाई ऱ्हायनी. तठे हाईच शिकनार शे."

मंडळी जेवायला बसल्यावर मी एक बाटली मोजपात्रात रिकामी केली. पात्र काठोकाठ भरले तरी शाईची फुली स्पष्ट दिसत होती. मी कोळसा घेतला आणि भिंतीवर लिहिले: दहा इंच.